खानावळीच्या बेसिनजवळ टॉवेल ठेवावा की टिश्यू? आणि टँकरच्या दिवसांत काय करावं?

मांजराकाठ

लातूरला माझी खानावळ आहे. दोन्ही वेळचं मिळून रोज साठ-पासष्ट पानं होतात. जेवायला येतात ती बहुतेक मुलं क्लासेसची, बीड, हिंगोली, नांदेडकडून अकरावी-बारावीला आलेली. आई-बापांनी विश्वासानं आपल्या ताटावर पाठवलेली लेकरं आहेत, म्हणून हा धागा मनापासून काढतेय.

मार्चच्या शेवटी आमच्या गल्लीत नळाच्या पाण्यात खंड वाढला आणि टँकर सुरू झाला. पाणी वाचवायचं म्हणून मी बेसिनचा नळ बंद केला आणि प्रत्येक टेबलावर टिश्यूची चळत ठेवली. हात पुसून बसायचं, जेवून झालं की पुन्हा पुसायचं. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते दिवस आम्ही काढलेत. पहिल्या गाडीला दहाच वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर पाणी, आणि ती आली त्या दिवशी शहराला सण असल्यासारखं वाटलं होतं. तेव्हा घरोघरी पत्रावळी आल्या होत्या, ओल्या फडक्यानं हात पुसून आम्ही जेवायला बसायचो. पाणी नसेल तर कागद, हे डोक्यात तेव्हापासूनचं आहे.

दहा-बारा दिवसांत चार मुलांना जुलाब लागले. ते त्यामुळंच झाले असं मी ठामपणे म्हणत नाही, उन्हाळ्यात कारणं शंभर असतात. पण एका मुलाला घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवायच्या आधी हात कशानं धुतात ही मुलं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर न बसता टेबलांजवळ उभी राहिले. एक मुलगा सिटी बसमधून उतरून थेट आला. टिश्यू घेतला, तळहात खसाखसा पुसले. कागदावर काळा पट्टा उमटला. तो बघून त्याला हात स्वच्छ झाल्यासारखं वाटलं असणार, कारण लगेच त्यानं भाकरी मोडली. मी त्याच्या बोटांकडं बघत होते. नखांच्या कडेला मळ तसाच होता, बोटांच्या पेरांवरच्या रेघांतही.

मग घरी गेल्यावर स्वतःच्या हातावर करून बघितलं. येसराचा तिखट मसाला कालवलेला हात एकापाठोपाठ तीन टिश्यूंनी पुसला. तिसरा कागद जवळजवळ कोरा निघाला. पाच मिनिटांनी डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावलं, तर डोळ्यातून पाणी! दुसऱ्या दिवशी तसाच हात साबण लावून तांब्याभर पाण्यात धुतला, मग डोळा चोळला. काही झालं नाही. कागदानं दिसतं तेवढं निघतं, रेघांत बसलेलं निघत नाही. तिखट राहतं तर जंतू का नाही राहणार?

आता नळ पुन्हा सुरू करायचाय, पण मला दोन गोष्टी विचारायच्यात. बेसिनजवळ पूर्वी एक टॉवेल टांगलेला असायचा, तो परत लावू का? आणि टिश्यूचा खरा उपयोग नेमका कुठं आहे, कुठं नाही? जाणकारांनी सांगावं.

---

गोदातीर

ताई, टॉवेल अजिबात लावू नका.

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, एकोणीस वर्षं झाली. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले होते, आठवतंय ना? आमच्या ओपीडीत एकेका घरातली पाच-पाच माणसं लाल डोळ्यांनी यायची. विचारलं की निघायचं, घरात तोंड पुसायला टॉवेल एकच. डोळे येण्याची ती साथ बहुतेक विषाणूची असते आणि डोळ्यातला स्राव हातावर, हातावरून टॉवेलवर, टॉवेलवरून दुसऱ्याच्या डोळ्यात असा तिचा प्रवास. साठ जणांचा एक टॉवेल म्हणजे साठ जणांचा एक हात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तुम्ही टिश्यू लावलात तो चुकीच्या जागी लावलात. धुण्याच्या जागी नको, धुतल्यानंतर हवा. ओल्या हाताला जंतू लवकर चिकटतात आणि ओल्या हातावरून पुढं पसरतातही लवकर, कोरड्या हातावरून त्या मानानं फार कमी. हात धुऊन तसेच ओले घेऊन मूल दाराची कडी, मोबाईल, पाण्याचा जग धरतं तेव्हा धुण्याचा बराच फायदा जातो. कागदानं पुसताना जे घर्षण होतं त्यानं राहिलेले थोडे जंतूही निघतात. म्हणून रुग्णालयात आम्हाला शिकवतात की हात धुवा, एकदाच वापरायच्या कागदानं कोरडे करा, त्याच कागदानं नळ बंद करा आणि मग कागद टाका. नळ बंद करायची पायरी लोक विसरतात. घाणेरड्या हातानं उघडलेली तोटी धुतलेल्या हातानं पुन्हा धरायची नसते.

सॅनिटायझरबद्दल कुणी सुचवायच्या आधीच सांगते, तेलकट किंवा मळलेल्या हातावर ते नीट काम करत नाही. खानावळीत साबण आणि पाणीच. साबणानं हात धुण्यामुळं जुलाबाचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं, एवढा फायदा एवढ्या स्वस्तात दुसऱ्या कशानं मिळत नाही.

आणि शिंक-खोकल्यासाठी टिश्यू खरंच उत्तम. रुमालात शिंकून तोच दिवसभर खिशात ठेवायचा, मग त्यानंच कपाळावरचा घाम पुसायचा, हे मी रोज बघते. फ्लूचा विषाणू कापडावर, कागदावर आठ-बारा तास टिकू शकतो. टिश्यूत शिंकलात की तो लगेच कचऱ्यात, आणि मग हात धुवायचे.

---

नाना_परभणी

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

आमच्या वडिलांच्या खांद्यावर कायम पंचा असायचा. हात धुतला की पंचा, घाम आला की पंचा. संध्याकाळी विहिरीवर पिळून दोरीवर टाकला की सकाळी कडक. आईच्या पदराला आम्ही हात पुसले. आता लग्नात बघतो, बुफेच्या टेबलावर टिश्यूचे मनोरे रचून ठेवायलेत. एकेक पोरगं दहा-दहा उचलतंय, एकानं तोंड पुसायचं, नऊ खाली. वारं सुटलं की मंडपाबाहेरच्या तुरीच्या रानात पांढरं पांढरं उडतंय. त्याला भाजीचा वास लागलेला, गुरं तोंड लावतात. कामून लागावं एवढं? आपल्याकडं ऊन फुकट आहे. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत फडकं पंधरा मिनिटांत वाळतंय. स्वच्छ धुतलेलं आणि कडक उन्हात वाळलेलं सुती कापड, याच्यापुढं कागद मला पटत नाही.

---

मांजराकाठ

नाना, घरात मी तुमचंच ऐकते. माझ्या घरी प्रत्येकाचा पंचा वेगळा, रंगावरून ओळखायचा. स्वयंपाकघरातली फडकी दोन दिवसांआड उकळते. भाकरीच्या दुरडीतही सुती कापडच. पण साठ पोरांचे साठ पंचे कुठं टांगू? आणि ते धुवायला पाणी कुठून आणू? प्रश्न तिथं अडतो.

---

कागदवाला

मी वाळूजला एका छोट्या युनिटमध्ये काम करतो, टिश्यूचे जंबो रोल आणून नॅपकिन कापायचं-घडी घालायचं काम. काही गोष्टी आतल्या आहेत त्या सांगतो, खरेदीला उपयोगी पडतील.

सगळा टिश्यू एकसारखा नसतो. लगदा जाळीवर पडतो तेव्हा त्यात ९९ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते निथळून, दाबून शेवटी वाफेनं तापवलेल्या एका भल्यामोठ्या सिलिंडरवर तो पापुद्रा वाळतो आणि धारदार पात्यानं खरवडून काढतात. खरवडताना त्याला बारीक बारीक चुण्या पडतात. टिश्यूचा मऊपणा, ताण आणि पाणी शोषायची ताकद या सगळ्यामागं त्या चुण्या आहेत. उजेडात धरून बघा, दिसतात. हॉटेलात जो स्वस्त, गुळगुळीत, कडकडीत नॅपकिन मिळतो त्याला आमच्याकडं हार्ड टिश्यू म्हणतात. त्यात चुण्या नसल्यागतच. तो पाणी शोषत नाही, हातावर नुसता सरकतो, म्हणून माणूस एकाऐवजी पाच घेतो. सॉफ्ट दोन पदरी टिश्यू महाग दिसतो, पण एकात काम होतं. ताईंनी पाकिटाच्या किमतीवर न जाता एका हाताला किती कागद लागतात त्याचा हिशेब करावा.

दुसरं म्हणजे वास घेऊन बघा. रद्दीपासून बनवलेल्या हलक्या मालाला कधी कधी कुबट वास येतो, कधी डोळ्यात खुपेल इतका पांढराफेक असतो कारण त्यात चमक आणणारं रसायन असतं. हात पुसायला चालेल, पण त्यावर भजी काढू नका, पोळ्या गुंडाळू नका. खाण्याला लागणारा कागद फूड ग्रेड असेल तरच.

आणि वर्तमानपत्र तर नाहीच नाही. आपल्याकडं गाड्यावर अजून भजी, जिलेबी पेपरात मिळते आणि आपण त्यावरच दाबून तेल टिपतो. शाईतली रसायनं गरम तेलात उतरतात, त्यात शिसंही असू शकतं. एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०१६ च्या डिसेंबरमध्ये याबद्दल सूचना काढली होती, २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत पेपरात अन्न बांधायला मनाईच आहे, २०२३ ला पुन्हा बजावलं. तरी गाडे तसेच चालू आहेत. गाडेवाल्याला रागावून उपयोग नाही, डबा पुढं करायचा. मी करतो.

---

बालाघाटची_बाई

नाना, तुमच्याशी एरवी मी सहमत झाले असते. पण मला एक बाजू मांडायची आहे, जी पुरुषांच्या लक्षात येत नाही.

मी शिक्षिका आहे. अंबाजोगाईहून रोज एसटीनं जाऊन-येऊन करते, एक बस बदलावी लागते. मधल्या स्टँडवरच्या स्वच्छतागृहात उन्हाळ्यात पाणी नसतं. नळ असतो, तोटी असते, पाणी नसतं. कधी बादली असते आणि तिच्या तळाशी बोटभर पाणी, त्यात काय काय तरंगत असतं ते लिहीत नाही. अशा वेळी आम्ही बायका काय करतो, तर पाणीच पीत नाही. सकाळी सहाला घरातून निघताना अर्धा कप चहा, दुपारी दोनपर्यंत घोट-दोन घोट. मी हे सात वर्षं केलं. लघवीला जळजळ, ताप, पुन्हा गोळ्या, पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाल्या, गोळ्या देते पण तुम्ही पाणी प्यायला लागल्याशिवाय हे थांबणार नाही.

तेव्हापासून माझ्या पर्समध्ये तीन वस्तू असतात. टिश्यूचं छोटं पाकीट, कागदी साबणाच्या चकत्यांची डबी आणि अर्ध्या लिटरची वेगळी बाटली, जी पिण्याची नाही. टिश्यूनं आधी बसायची जागा किंवा कडी पुसून घेता येते, नंतर स्वतःला कोरडं करता येतं. वापरलेला कागद मी दुसऱ्या कागदात गुंडाळून डस्टबिनमध्ये टाकते, डस्टबिन नसेल तर पिशवीत घालून घरी आणते. संडासाच्या भांड्यात कधी टाकत नाही, पाणीच नाही तर तो जाणार कुठं?

माझ्या शाळेत सातवी-आठवीच्या मुली आहेत. त्यातल्या दोघी शाळा सुटेपर्यंत पाणी पीत नव्हत्या, कारण विचारलं तर माझंच कारण. आता मुलींच्या बाथरूमबाहेरच्या खिडकीत मी एक प्लॅस्टिकचा डबा ठेवलाय, झाकणाचा, म्हणजे धूळ बसत नाही. त्यात टिश्यू असतात आणि जुने कागद गुंडाळायला. महिन्याला फार खर्च येत नाही. पहिल्या आठवड्यात मुली लाजत होत्या. आता संपलं की येऊन सांगतात, "बाई, डबा रिकामा झालाय."

मला पंचा आवडतो, नाना. पण तिथं पंचा चालत नाही.

---

नाना_परभणी

बाई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझी नात कॉलेजला बसनं जाते. आज तिच्या आजीला सांगतो तिला विचारायला.

---

गोदातीर

बाईंनी फार महत्त्वाचं लिहिलं. मुलींना एवढी भर घालून सांगा, पुसताना नेहमी पुढून मागे पुसायचं, उलट नाही. मागचे जंतू लघवीच्या जागी आले की तिथंच संसर्ग सुरू होतो. मुलींची मूत्रनलिका आखूड असते, म्हणून त्यांना हा त्रास मुलांपेक्षा जास्त. वासाचा, रंगीत टिश्यू त्या जागी नको, साधा पांढरा बरा. आणि लघवी तुंबवायची नाही, कितीही झालं तरी.

---

नवी_आई_नांदेड

बाळासाठी ओले वाइप्स वापरले तर चालतील का? आमचं तान्हं चार महिन्यांचं आहे. सासूबाई कापूस आणि कोमट पाणी म्हणतात.

---

गोदातीर

सासूबाईंचं ऐका. घरात असताना कोमट पाण्यात भिजवलेला कापूस किंवा मऊ सुती कापड सगळ्यात चांगलं. वाइप्समध्ये सुगंध आणि टिकवणारी रसायनं असतात, काही बाळांना त्यानं पुरळ येते. प्रवासात ठेवा, बिनवासाचे बघून घ्या, पुसल्यावर ती जागा हवेनं कोरडी होऊ द्या आणि मगच लंगोट बांधा.

---

चेंबरवाला

आणि ते वाइप्स संडासात टाकू नका, हात जोडून विनंती आहे.

मी प्लंबिंगची कामं करतो, संभाजीनगरात. चोकअप काढायला गेलो की चेंबरमधून निघतं काय, तर वाइप्सचा दोर. वाइप दिसायला कागदासारखा, पण बऱ्याच वाइप्समध्ये प्लॅस्टिकचे धागे असतात. तो फाटत नाही, विरघळत नाही. एकात एक गुंततो, त्यावर तेल-तूप थिजतं आणि पाइप बंद. लंडनला व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये गटारात असाच १३० टनांचा गोळा सापडला होता, वाइप्स आणि चरबीचा. त्यांच्याकडं धो-धो पाणी असून ही गत. आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, माणसं अर्ध्या बादलीत संडास साफ करतात. एवढ्याशा पाण्यात तर साधा कागदही पुढं सरकत नाही.

हॉटेलचे नॅपकिन, किचन टॉवेल हेही टाकू नका. ओले झाल्यावर फाटू नयेत म्हणून त्यात मजबुतीचं रसायन घातलेलं असतं. फक्त टॉयलेट रोल तेवढा पाण्यात सुटा होण्यासाठी बनवलेला असतो. खात्री करायची तर दोन ग्लास पाणी घ्या, एकात टॉयलेट रोलचा तुकडा, एकात नॅपकिन. चमच्यानं मिनिटभर ढवळा.

---

मांजराकाठ

चेंबरवाले दादा, आत्ताच करून बघितलं. रोलच्या तुकड्याचा भुगा झाला, पेज दिसते तसं पाणी. नॅपकिन मात्र अख्खाच्या अख्खा चमच्यावर उचलला गेला. ढवळणं मी पाच मिनिटं वाढवलं तरी तसाच. ग्लास मुलांना दाखवायला काउंटरवर ठेवलेत.

आता सगळ्यांचं वाचून काय केलं ते सांगते. बेसिनचा मोठा नळ बंदच ठेवला, कारण तो सोडला की पोरं बोलत बोलत दोन-दोन लिटर पाणी घालवतात. मी मोजलंय, खाली पातेलं ठेवून. त्याऐवजी वीस लिटरचा ड्रम स्टँडवर ठेवला आणि त्याला दाबायची बारीक तोटी बसवली, हात काढला की धार बंद. एका लिटरमध्ये तीन जणांचे हात नीट निघतात, साबणासकट. जेवायच्या आधी आणि नंतर धरून दिवसाला तीन घागरी होतात. तीन घागरी वाचवायला मी लेकरांचे हात न धुता जेवायला वाढत होते.

टॉवेल परत लावला नाही. टिश्यू टेबलांवरून उचलून ड्रमशेजारी भिंतीवरच्या डब्यात ठेवला, एका वेळी एकच निघेल असा. सॉफ्ट, दोन पदरी. आधी दिवसाला तीन-साडेतीनशे कागद जायचे, आता दीडशेच्या आत. खाली पायानं उघडायचा झाकणाचा डबा आहे. नुसते हात पुसलेले कागद मागच्या खड्ड्यात शेणखताबरोबर कुजायला टाकते. ड्रमखालच्या बादलीतलं साबणाचं पाणी पायऱ्या आणि न्हाणीघर धुवायला जातं.

---

नाना_परभणी

ताई, आमच्या गावात पुढच्या महिन्यात सप्ता आहे. शेवटच्या दिवशी काल्याच्या पंगतीला पाच-सहाशे माणूस बसतंय. आतापर्यंत एका टाकीत तांब्या बुडवून सगळे हात धुवायचे. तुमच्यासारखे ड्रम ठेवावे म्हणतो. किती लागतील, आणि साबणाचं कसं करावं? वडी ठेवली की पोरं पळवतात.

---

मांजराकाठ

नाना, पंगत एकदम बसते, त्यामुळं हात धुवायची गर्दीही एकदमच होते. पाचशे माणसांना निदान आठ-दहा तोट्या हव्यात. पन्नास लिटरचे ड्रम घेतलेत तर एकेकाला दोन-दोन तोट्या बसतात. तळापासून चार बोटं वर भोक पाडा म्हणजे गाळ खाली राहतो. दोन ड्रम लहान पोरांच्या उंचीला ठेवा, नाहीतर ती टाचा उंचावून कोपरापर्यंत भिजतात आणि साबण न लावताच पळतात. वडीचे चार तुकडे करायचे, जुन्या पायमोज्यात किंवा कांद्याच्या जाळीत बांधून तोटीला लोंबकळत सोडायचे. ओला मोजा चोळला की फेस येतो आणि कुणी नेतही नाही.

पुसायला पंचे ठेवू नका, एवढं माझं ऐका. त्या उन्हात हात दोन मिनिटांत आपोआप वाळतील, कागदही लागणार नाही. तोट्यांना वायसर मात्र चांगले घाला. माझा पहिला रात्रभर ठिबकला आणि सकाळी ड्रम अर्धा होता.